विद्युतचुंबकीय व्यत्यय आणि धातूचे कवच : खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कात्रज-धनकवडी परिसरातील अभियांत्रिकी शिक्षणात स्वतः मंडल जुळवून प्रकल्प तयार करण्याची प्रथा रूढ आहे. असे मंडल प्लॅस्टिकच्या डबीत बसवले की शेजारचा रेडिओ अनेकदा खरखरू लागतो. मायक्रोकंट्रोलर आणि स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा यांतून होणारे उत्सर्जन प्लॅस्टिक अडवू शकत नाही. त्यावर धातूची डबी हा उपाय सर्वपरिचित आहे; मात्र तो केव्हा फसतो, याची चर्चा क्रमिक पुस्तकांत अभावानेच आढळते. पुणे जिल्ह्याच्याच उत्तर भागात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे हा प्रश्न अत्यंत तीव्र स्वरूपात उभा राहिला. त्या अनुभवाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या उपायाचे मूळ मायकेल फॅरडे यांच्या १८३६ मधील प्रयोगात सापडते. सुमारे बारा फूट बाजूचा घनाकृती पिंजरा वाहक पदार्थाने मढवून ते स्वतः आत शिरले. बाहेरून तीव्र विद्युतभार दिला असतानाही आतील संवेदनशील उपकरणांवर परिणाम झाला नाही. पुढे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या अभ्यासातून असे स्पष्ट झाले की, उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागापुरताच राहतो. १०० मेगाहर्ट्‌झला ॲल्युमिनियममध्ये ही खोली सुमारे ८ मायक्रॉन भरते. म्हणजे स्वयंपाकघरातील फॉइलही पुरेसे जाड ठरते. याउलट ५० हर्ट्‌झला तांब्यातही ती ९ मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची घरघर पातळ ॲल्युमिनियमने थांबत नाही, तेथे लोखंडच हवे.

तात्पर्य, रेडिओ वारंवारतेला डबी फसते ती जाडीमुळे नव्हे, सांध्यांमुळे. झाकणाखालचा रंग किंवा ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर विद्युतसंपर्क तोडतो आणि तेथे लांबट फट निर्माण होते. फटीचे क्षेत्रफळ नगण्य असले तरी तिची लांबी तरंगलांबीच्या निम्म्याइतकी झाली, तर ती फट स्वतःच अँटेना बनते. डबीबाहेर येणारी प्रत्येक तारही आतील गोंगाट वाहून आणते. म्हणून तार जेथे भिंत ओलांडते तेथेच गाळणी बसवावी लागते.

महाराष्ट्रात रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात कल्याण येथे झाली. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली १९६५ मध्ये तेथे ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ छोट्या तबकड्यांद्वारे सूर्याचा वेध घेण्यात आला. १९७० मध्ये उटीची दुर्बीण कार्यान्वित झाली आणि त्यानंतर खोडदची महाकाय मीटरतरंग दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात, तर १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या आहेत. डोंगरांनी वेढलेल्या या भागातील अल्प रेडिओ गोंगाट हे स्थळनिवडीचे एक प्रमुख कारण होते. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या संशोधकांना उपलब्ध आहे.

या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. ०.५५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारांची, १०, १५ व २० मिलिमीटर छिद्रांची जाळी त्यांवर ताणलेली आहे. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगांना छिद्रे लहान भासतात, वारा मात्र आरपार जातो. फॅरडेंच्या पिंजऱ्यात लाटा बाहेर ठेवणारे तत्त्व येथे त्या लाटा गोळा करण्यासाठी वापरले गेले. एकाच तत्त्वाचा हा दुहेरी उपयोग अध्यापनाच्या दृष्टीने विशेष मोलाचा वाटतो.

तथापि सर्वांत जवळचा शत्रू दुर्बिणीच्याच घरात होता. तबकड्या फिरवणारी नियंत्रणयंत्रणा, संगणक आणि संकेतांचा मेळ घालणारी अंकीय यंत्रणा हीदेखील रेडिओ लहरी सोडते. येथे डबीचे कार्य उलटे होते : बाहेरचा गोंगाट आत येऊ न देण्यापेक्षा आतला बाहेर जाऊ न देणे महत्त्वाचे. त्यासाठी धातूची आवरणे, गाळण्या आणि गोंगाट न वाहणारे प्रकाशीय तंतू यांचा अवलंब झाला. पुढे दुर्बिणीच्या श्रेणीवाढीत ग्रहणपट्टा ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदावला. अरुंद पट्ट्यात शांत जागा शोधून निभावता येत असे; ती सोय यामुळे बरीच संपुष्टात आली, आणि आवरणाची गरज वाढली.

शेजारच्या गावांचा प्रश्न मात्र डबीने सुटणारा नव्हता. सदोष टीव्ही बूस्टर, वीजवाहिन्यांवरील ठिणग्या, नंतर मोबाइल मनोरे अशा व्यत्ययांबाबत संशोधकांना वीज मंडळाशी, दूरसंचार कंपन्यांशी आणि ग्रामस्थांशी बोलावे लागले. ज्या घरातील बूस्टर सदोष, त्या घराला दूरच्या दीर्घिकेचे महत्त्व पटवणे सोपे नसते. त्यात ग्रामस्थांचे नुकसानही असते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. नारायणगावमार्गे जाणारी पुणे–नाशिक वेगवान रेल्वेची मूळ आखणी दुर्बिणीजवळून जात असल्याने २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने ती बाजूला ठेवून शिर्डीमार्गे पर्याय मांडला. जुन्नर परिसरातून मूळ मार्गाचीच मागणी पुन्हा करण्यात आली.