सुई लागली, वारं गेलं

आजीच्या तोंडी ही गोष्ट नेहमी एकाच वाक्याने सुरू व्हायची : 'बासष्ट सालचा श्रावण, आणि पोराला सुई लागली.'

दीड वर्षाचा माझा धाकटा काका दोन दिवस तापाने फणफणला होता. आजीने त्याला पदराखाली झाकून भर पावसात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डाव्या कुल्ल्यात इंजेक्शन दिलं. सकाळी बघते तर डावा पाय ओल्या फडक्यासारखा लोंबतोय. चिमटा काढला की पोर कळवळायचं, पण पाय म्हणून हलायचा नाही. वारं गेलं, शेजारणी म्हणाल्या. कुणी निर्गुडीचा शेक सांगितला, कुणी पारव्याचं रक्त चोळायला. दोन्ही करून झालं.

काका आजही डावा हात गुडघ्याच्या वर रेटून चालतो. त्याच्या प्रत्येक विजारीवर नेमका तिथे तळहाताएवढा भाग झिजून गुळगुळीत होतो. आजी नवी विजार आणली की आधीच आतून ठिगळ लावून ठेवायची.

कॉलेजात गेल्यावर मी तिला शहाणपण शिकवायला बसलो. पोलिओ हा विषाणू. शौचातून पाण्यात, पाण्यातून तोंडात जातो, आतड्यात वाढतो. क्वचित मज्जारज्जूत शिरून स्नायू हलवणाऱ्या पेशीच मारतो. स्पर्शाच्या नसा वेगळ्या, म्हणून चिमटा कळतो. यात सुईचा काय संबंध? आजीने सगळं ऐकून घेतलं. 'पण सुई डाव्याच बाजूला दिली होती ना,' एवढंच म्हणाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं, की १९५० च्या सुमारास लंडन आणि मेलबर्नमधल्या डॉक्टरांनी हेच टिपलं होतं. विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली, तर त्याच हातापायाला लुळेपण येण्याचा धोका वाढतो. रोग सुईने दिला नव्हता. त्याला वाट मात्र दाखवली असेल. हे वाचलं तेव्हा आजी गेली होती. असती तरी मी सांगितलं असतं का, कोण जाणे. डॉक्टरांकडे तिनेच नेलं होतं.

पण तिच्या गोष्टीतला खरा धागा ती सहज बोलून जायची त्यात होता : 'त्या आठवड्यात वाड्यातली सगळीच पोरं तापली होती.' विषाणू शिरलेल्या दोनशेंपैकी साधारण एकालाच कायमचं लुळेपण येतं. बाकीच्यांना एकतर काहीच होत नाही, नाहीतर जरासा ताप, घसादुखी. म्हणून गावाला एकच पांगळं पोर दिसतं आणि साथ अशी दिसतच नाही. १९०८ साली व्हिएन्नात लँडश्टायनर आणि पॉपर यांनी दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अंश टोचून माकडांत हा रोग उतरवला, तेव्हा संसर्ग सिद्ध झाला. मला मात्र त्याआधीचा स्वीडनचा इव्हार विकमन जवळचा वाटतो. १९०५ च्या साथीत हजारावर माणसं आजारी पडली. विकमन पांगळ्या पोरांवर थांबला नाही. दोन दिवस तापून बरी झालेली पोरंही त्याने हिशेबात धरली. तेव्हा कुठे घराघरांतली आणि शाळेतली साखळी जुळली. माझ्या आजीशी त्याचं चांगलं जमलं असतं.

पल्स पोलिओचे रविवार आले तेव्हा काका शाळेतल्या बूथवर हौसेने बसायचा. थेंबांतला दुबळा केलेला विषाणू आतड्यातच पहारा बसवतो, आणि यात सुई नाही, हे तो आयांना मुद्दाम सांगायचा. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. ती बातमी त्याने कापून ठेवली आहे.

मागच्या दिवाळीला मी विकमनची गोष्ट ओसरीवर सांगितली. काकाचा चुलतभाऊ शेजारीच बसला होता. त्याच आठवड्यात तापलेला, तिसऱ्या दिवशी अंगणात हुंदडणारा आणि पुढे गावची तालीम गाजवणारा. काकाने त्याच्याकडे मान वळवली.

'म्हणजे तू मला दिलास की मी तुला?'

'श्रावणात एका ताटात जेवत होतो आपण,' तो म्हणाला, आणि चकलीचा डबा त्याच्याकडे सरकवला.