सेरेब्रल पाल्सी : करसवलत (कर्जत-खालापूर)

जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा झाली की स्नायूंवरचा ताबा, तोल आणि हालचाल यांत कायमची अडचण राहू शकते. या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. पालकांच्या बोलण्यात ती नुसती ‘सीपी’ असते. राष्ट्रीय न्यास अधिनियम (१९९९) आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम (२०१६) या दोन्ही कायद्यांत तिचा नावानिशी उल्लेख आहे. महाराष्ट्रात या मुलांच्या शिक्षणाचे काम १९७२ मध्ये मुंबईत मिठू अलूर यांनी स्थापन केलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाने (आता ‘अडॅप्ट’) पुढे नेले. रायगडच्या घाटपायथ्याच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कुटुंबांना उपचार आणि दाखले यांसाठी दोन दिशा धराव्या लागतात : लोकलने मुंबई, नाहीतर पेणवरून अलिबाग.

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मध्ये अशा दिव्यांगत्वावरील करसवलतीसाठी दोन कलमे होती. दिव्यांग व्यक्ती स्वतः करदाता असेल तर ८०यू, आणि तिचा सांभाळ करणारा करदाता असेल तर ८०डीडी. एकाच व्यक्तीसाठी दोन्ही चालत नाहीत. मुलाने ८०यू घेतले की बापाचे ८०डीडी गेले. अवलंबितांत जोडीदार, मुले, आईवडील आणि भावंडे येतात. काका-मामा पुतण्या-भाच्याला सांभाळत असले तरी त्यांना ही वजावट नाही, आणि एकत्र राहणाऱ्या घरांत हे खटकते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा अधिक (तीव्र) असल्यास १,२५,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात. वित्त अधिनियम २०१५ पूर्वी हे आकडे ५०,००० आणि १,००,००० होते. रक्कम ठोक असते. ८०डीडीसाठी सांभाळावर खर्च झालेला असावा एवढीच अट. तो दहा हजार झाला काय नि चार लाख झाला काय, वजावट तेवढीच. म्हणून फिजिओथेरपीच्या पावत्यांची फाइल या कलमासाठी जपण्यात अर्थ नाही. ८०डीडीबी या जुळ्या वाटणाऱ्या कलमातील मज्जासंस्थेच्या आजारांच्या यादीत सीपी नाही, तरी तिथे दावा टाकून फसणारे असतात.

खरी मेहनत कागदाची. सीपी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९६१ च्या अधिनियमाखालील नियम ११अ प्रमाणे फॉर्म १०-आयए लागतो. त्यावर सही न्यूरॉलॉजीतील एमडी किंवा तत्सम पदवीच्या तज्ज्ञाची (मुलांसाठी बालमज्जाविकारतज्ज्ञाची), नाहीतर सिव्हिल सर्जन किंवा सरकारी रुग्णालयाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याची. ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाची चालत नाही. रायगडचे सिव्हिल सर्जन अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात बसतात. अलिबागला रेल्वे नाही, त्यामुळे कशेळे-कडावच्या बाजूने व्हीलचेअरवरचे मूल घेऊन एसटीने जाणे म्हणजे अख्खा दिवस. कर्जतहून थेट लोकलने मुंबई गाठता येते आणि मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञही तिथेच आहेत. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि विवरणपत्रात त्याचा पोचक्रमांक व यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) क्रमांक विचारतात.

लहान मुलाची अवस्था वाढीबरोबर बदलते, म्हणून दाखला बहुधा मुदतीचा मिळतो. इथे एक बारकावा कामाचा आहे. दाखला ज्या आर्थिक वर्षात संपतो त्या संपूर्ण वर्षाची वजावट मिळते. जून २०२५ मध्ये संपलेला दाखला मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षाला पुरतो. त्यापुढे मात्र नवी तपासणी, नवा कागद.

वजावट मिळते ती फक्त जुन्या करप्रणालीत, आणि गोम इथेच आहे. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू असते. नोकरदाराला जुनी हवी असल्यास मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच निवडावी लागते. खोपोलीच्या कारखान्यात वर्षाला ९ लाख रुपये पगार असलेला बाप घ्या. २०२५-२६ साठी जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, गुंतवणुकीवरील ८०सीचे दीड लाख आणि तीव्र दिव्यांगत्वाचे सव्वा लाख वजा केल्यावर ५,७५,००० उरतात आणि उपकरासह २८,६०० रुपये कर बसतो. त्याच वर्षी नव्या प्रणालीत एकही वजावट न मागता त्याचा कर शून्य. पगार १५ लाख असला तरी गृहकर्जाचे दोन लाख व्याज आणि घरभाडे भत्ता अशा जोडीच्या वजावटी असल्याशिवाय जुनी प्रणाली परवडत नाही. वजावट कोणी रद्द केली नाही, पण मध्यम पगारदाराच्या दृष्टीने ती जवळपास निकामी झाली आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या प्राप्तिकर अधिनियम २०२५ मध्ये कलमांचे क्रमांकही बदलले आहेत.

त्यामानाने दोन दुर्लक्षित सवलती अधिक उपयोगी. पहिली, अज्ञान मुलाच्या नावच्या ठेवीचे व्याज एरवी आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात. दिव्यांग मुलाच्या बाबतीत ते मिळवत नाहीत (१९६१ च्या अधिनियमातील कलम ६४(१अ)). मुलाचा पॅन काढून व्याज त्याच्याच नावे दाखवायचे, आणि हे नव्या प्रणालीतही चालते. दुसरी राज्याची : व्यवसाय करातून पालकाला सूट. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाचे २,५०० रुपये पगारातून कापले जातात. आस्थापना विभागाला दाखल्याची प्रत दिली की कपात थांबते. रक्कम लहान, पण बहुतेकांना ती माहीतच नसते.

कर्जतच्या आदिवासी वाड्यांतील कातकरी-ठाकूर घरांना यातले काहीच लागू पडत नाही. भरायला करच नाही तर सूट कशाची? तिथे दिव्यांगत्वाचा दाखला तहसील कार्यालयात कामी येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाले. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी लागते, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात एक लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्यासाठीही अलिबागच.