मागें राहिलेल्यांचें काय?



पाप, क्षमा, आशा हीं लहान मुलाला बोट दाखवून सांगतां येत नाहींत. पाठीवरचें ओझें, दलदल, राक्षसाचा किल्ला हीं मात्र त्याच्या डोळ्यांपुढें क्षणांत उभीं राहतात. इंग्लंडांत जॉन बन्यन यानें 1678 सालीं प्रसिद्ध केलेल्या रूपककथेनें हेंच साधलें. तींतील यात्रेकरूचें ओझें क्रुसापाशीं आपोआप गळून पडतें, आणि निराशा नांवाच्या राक्षसाची कोठडी ‘वचन’ नांवाच्या किल्लीनें उघडते. कथा लिहिली मोठ्यांसाठीं. पण मुलांनीं ती आपली केली.

हरि केशवजी यांनीं 1841 सालीं ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें ती मराठींत आणली. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मिशनचें ठाणें त्यापूर्वींच, 1831 सालीं पडलें होतें. 1873 पासून त्या मिशनचें ‘बालबोधमेवा’ हें मुलांचें मासिकही निघूं लागलें. येथील मुलाला रूपक परकें नव्हतें. याच जिल्ह्यांत नेवाशास 1290 सालीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नाथांच्या भारुडांतला विंचूही साधा विंचू नव्हे, हें खेड्यांतलें पोरही जाणतें.

परंतु येथें एक अंतर आहे. पंढरीची दिंडी संगतीनें चालते. बन्यनचा यात्रेकरू कानांत बोटें घालून, बायकामुलांना मागें टाकून धांवत सुटतो. नगरकडील कित्येक घरांत ही केवळ कल्पना नव्हती. नारायण वामन टिळकांनीं 1895 सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह मागें राहिल्या. कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या, आणि 1900 सालीं स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती झाल्या. बन्यनलाही हा सल जाणवला असावा. 1684 सालच्या दुसऱ्या भागांत त्यानें यात्रेकरूची पत्नी आणि मुलें त्याच वाटेनें नेलीं.

पुढें सी. एस्. लुईस यानें 1950 सालीं ख्रिस्ताचें आत्मार्पण एका अद्भुत देशांतील सिंहाच्या रूपानें मुलांपुढें ठेवलें. पण सिंह म्हणजे कोण, हें कथेंत फोडून सांगितलें नाहीं. शिक्षकानेंही तोच संयम पाळावा. अर्थ आधीं सांगितला कीं गोष्ट संपते, आणि मुलाचा प्रश्नही ओठांवरच राहतो. ‘मागें राहिलेल्यांचें काय?’ असें एखाद्या मुलानें विचारलें, तर त्याला गोष्ट कळली नाहीं असें समजूं नये. ती त्यालाच पुरती कळली आहे.