परांजपे, आनंद
पाश्चात्त्य चौकटीपलीकडे पाहणारे मराठी मानसशास्त्रज्ञ. शिक्षण पुणे विद्यापीठात. पुढे कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात अध्यापन. जातीय पूर्वग्रहांवरील त्यांचे आरंभीचे पुस्तक (१९७०) आज पुन्हा वाचायला हवे, कारण भारतीय मानसशास्त्राची पुढची मांडणी बव्हंशी संस्कृत ग्रंथांवर उभी राहिली आणि जात सोसणारे मन तिच्यात फारसे आले नाही. ‘सेल्फ अँड आयडेंटिटी इन मॉडर्न सायकॉलॉजी अँड इंडियन थॉट’ (१९९८) मध्ये त्यांनी एरिक एरिक्सनची अस्मितेची संकल्पना अद्वैतासमोर ठेवली: आयुष्यभर बदलत जाणारा ‘मी’ एकसंध कसा राहतो, हा एरिक्सनचा प्रश्न, अद्वैत त्या बदलांमागच्या अविचल साक्षीकडे वळते. के. रामकृष्ण राव यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात ज्ञान, भक्ती व कर्म या मार्गांसाठी त्यांनी रमण महर्षी, तुकाराम आणि टिळक यांची चरित्रे अभ्यासली.