वारणेचा तह आणि दोन पक्षांचें राज्य

राज्यांत दोन तुल्यबल पक्ष असावेत, एकानें दुसऱ्यास धाकांत ठेवावें, म्हणजे कारभार शुद्ध राहतो, असें मत पुष्कळदां ऐकूं येतें. तें पारखून पाहण्यास करवीरच्या इतिहासासारखें साधन दुसरें नाहीं.

इ. स. १७०७ त शाहूमहाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले आणि स्वराज्यांत त्यांचा एक व ताराबाईंचा एक असे दोन पक्ष उघड झाले. त्याच वर्षीं खेडच्या लढाईच्या प्रसंगीं धनाजी जाधव ताराबाईंस सोडून शाहूंस मिळाले. १७११ त त्यांचे पुत्र चंद्रसेन शाहूंस सोडून ताराबाईंकडे आले व पुढें निजामाकडे गेले. बापलेकांच्या ह्या उड्यांत त्या काळचें सारें राजकारण आलें. सरदार एका दरबारीं रुसला कीं दुसऱ्या दरबारीं त्याचें स्वागत ठरलेलें. धाक राहिला तो धन्यांस, चाकरांस नव्हे.

१७१४ त पन्हाळ्यास ताराबाई कैदेंत पडून राजसबाईंचे पुत्र संभाजीराजे गादीवर आले, तरी दुफळी कायमच राहिली. रामचंद्रपंत अमात्यांचें मानलें जाणारें आज्ञापत्र ह्याच संभाजीराजांच्या कारकीर्दींतलें. त्यांतील वतनदारांवरील कठोर प्रकरण पुष्कळ लोक सर्वकालीन राजनीति म्हणून वाचतात; आम्हांस तें ह्या दुफळीच्या उजेडांत वाचावेंसें वाटतें.

परक्यानेंही ही संधि ओळखली. दोन छत्रपतींपैकीं खरा धनी कोण हें ठरल्याविना चौथाई कोणास द्यावी, असा बहाणा निजामुल्मुल्कानें केला, व संभाजीराजांस हाताशीं धरलें. १७२८ त पालखेडास बाजीरावांनीं त्यास कोंडलें, तेव्हां तो डाव फसला.

त्याच शतकांत इंग्लंडांतही गादीच्या वारशावरून व्हिग व टोरी भांडत होतेच. परंतु तेथें दोघांस पार्लमेंट एक होतें. येथें शिक्के दोन, प्रधान दोन, सनदाही दोन.

१७३१ च्या एप्रिलांत वारणेचा तह झाला. सरहद्द सर्वांच्या तोंडीं असते. आमच्या मतें त्यांतील चाकरांचें कलम अधिक मोलाचें आहे. एकाकडून फुटून आलेला चाकर दुसऱ्यानें ठेवूं नये, असें दोघांनीं कबूल केलें. चोवीस वर्षांचा रोग नेमका कोठें होता, हें उभयतांस कळलें होतें असा ह्याचा अर्थ. मात्र तोंपर्यंत पक्ष उरले नव्हते. राज्यें दोन झालीं होतीं.

दक्षिण महाराष्ट्रांतील घराण्यांच्या दप्तरांत १७०७ ते १७३१ मधील दोन्ही शिक्क्यांचे कागद एकाच रुमालांत आढळल्यास संग्राहकांनीं त्यांच्या मित्या जुळवून पाहाव्या. कोण केव्हां कोणाच्या पदरीं होता, तें त्यांवरून उमगेल.