एकांकिकेकडून लघुपटाकडे: सातारा-सांगलीची वाट

महाविद्यालयीन मुलांनी सिनेमा काढावा, ही गोष्ट सातारा-सांगलीत डिजिटल कॅमेरा येईपर्यंत जवळपास अशक्य होती. ३५ मिलिमीटरचे हजार फुटी रीळ जेमतेम अकरा मिनिटे चाले. ते विकत घेणे, मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत धुवायला पाठवणे आणि मग संकलनासाठी टेबल मिळवणे हे कॉलेजच्या स्नेहसंमेलन निधीत बसणारे नव्हते. एकांकिकेला मात्र एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाठांतर पुरत असे. इथल्या विद्यार्थी-लघुपटाचा इतिहास त्यामुळे रंगमंचापासूनच सुरू करावा लागतो.

तो रंगमंच या भूमीत जुना आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेही संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. हाच दिवस पुढे मराठी रंगभूमी दिन ठरला. भाव्यांचा विषय पौराणिक होता. समाजाचे दुखणे रंगभूमीवर ठणकावून मांडणारे नाटक आणखी अर्ध्या शतकाने आले: सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा', १८९९ साली. म्हाताऱ्याला दिल्या जाणाऱ्या मुलीची ही कहाणी म्हणजे मराठीतल्या 'सामाजिक विषया'चा पायंडाच. आजही इथल्या कॉलेजच्या मुलांना गोष्ट सुचते ती आधी प्रश्न म्हणून आणि मग माणूस म्हणून. त्या सवयीची मुळे या परंपरेत असावीत.

सिनेमाने मात्र सांगलीला हुलकावणी दिली. दीनानाथ मंगेशकरांनी इथे बलवंत पिक्चर्स काढून १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' केला, पण कंपनी फार काळ टिकली नाही. शेजारच्या कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्याच जागेवर १९६० मध्ये केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. सातारा-सांगलीच्या मुलाला सिनेमा शिकायचा तर पुण्याची गाडी पकडावी लागे, आणि प्रवेश मिळणारे विरळाच.

दरम्यान शहराचे वर्णन करणारी माणसे या मातीतून निघतच होती. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. त्यांचे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या या लेखकाने चाळ, झोपडपट्टी आणि कामगार वस्ती आतून पाहिली. त्याच्या 'फकिरा'वर आणि 'वारणेचा वाघ'वर चित्रपट निघाले. गावाकडचा पराक्रम पडद्याला भावला, मुंबईच्या वस्तीला तेवढे नशीब लाभले नाही.

शहराचा प्रश्न कॅमेऱ्याने मांडता येतो, हे १९८५ च्या आसपास दोन टोकांनी दिसले. आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर'ने मुंबईतल्या फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या माणसांना, तोडफोडीच्या ऐन वेळी, बोलते केले. पुण्यात सुमित्रा भावे यांनी झोपडपट्टीतल्या एका बाईवर 'बाई' हा लघुपट केला. त्या मुळात समाजकार्याच्या अभ्यासक आणि अध्यापक. संशोधनातले निष्कर्ष ज्यांच्याबद्दल आहेत त्यांच्यापर्यंत पोचावेत, यासाठी त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. सिनेमाच्या शाळेत न जाता सिनेमा करता येतो, हा धडा जिल्ह्याच्या ठिकाणी फार उशिरा पोचला.

विद्यार्थ्यांच्या लघुपटांत दोन नावे पुन्हा पुन्हा घेतली जातात. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' फिल्म इन्स्टिट्यूटमधला. घरात पिठाची गिरणी घातलेल्या विधवा आईचा मुलगा त्या आवाजाने आणि त्यावरून होणाऱ्या चेष्टेने हैराण होतो, एवढीच गोष्ट. पण शहरातली अडचणीची जागा आणि पोटाची गरज ती एका आवाजात पकडते. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयातल्या संज्ञापन अभ्यासक्रमातून आला. पारधी समाजातल्या मुलाला शाळेत जायचे आहे आणि परिस्थिती जाऊ देत नाही. दिग्दर्शकाच्या पदार्पणासाठीचा २०१० सालचा राष्ट्रीय पुरस्कार (कथाबाह्य विभागात) त्याला मिळाला. सातारा-सांगलीच्या दृष्टीने 'पिस्तुल्या'चे महत्त्व अधिक, कारण तो पुण्या-मुंबईबाहेरच्या एका जिल्ह्याच्या गावी झाला.

त्याच सुमारास छायाचित्रे काढणाऱ्या कॅमेऱ्यातच चित्रीकरणाची सोय आली, आणि मग मोबाइल. खर्च कोसळला तरी एकांकिकेची सवय सुटली नाही. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात तयार झालेली मुले कॅमेऱ्यासमोरही सभागृहाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे बोलतात. संवाद भरमसाट, आणि अखेरीस फलकावर संदेश. पडद्यावर माणूस नुसता गप्प उभा राहिला तरी कळते, हे पचनी पडायला दोन-तीन लघुपट खर्ची पडतात. त्याहून मोठी अडचण आवाजाची. थर्माकोलच्या बोर्डाने उजेड परतवता येतो, पण सातारच्या पोवई नाक्यावरचा हॉर्न परतवता येत नाही.

विषय मात्र हाताशी आहेत, आणि त्यांतले बरेचसे पाण्याचे. साताऱ्याला पाणी डोंगरावरच्या कास तलावातून, सुमारे २५ किलोमीटरवरून उताराने येते. सांगलीला कृष्णा दारात असते आणि पावसाळ्यात घरात येते. २००५ नंतर २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पूर आला. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांपर्यंत मजल मारली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. बाजारपेठ, गल्ल्या आणि दुमजली घरांचे खालचे मजले पाण्यात गेले, आणि त्या दिवसांची दृश्ये मुख्यतः लोकांच्याच मोबाइलवर राहिली. त्याआधी २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेले होते. एकाच नदीकाठी महापूर आणि दुसऱ्याच्या दुष्काळासाठी पाण्याची गाडी, अशी विसंगती कथाकाराला शोधत जावी लागत नाही.

इथले बहुतेक विद्यार्थी मूळचे शहरातले नसतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती खेड्यातल्या मुलांसाठी, आणि 'कमवा आणि शिका'ची वाट दाखवली. आजही कोरेगाव, तासगाव, पलूस, वडूजकडून मुले एसटीच्या पासवर सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात, किंवा भाड्याच्या खोलीत चौघे मिळून राहतात. त्यांचे शहर म्हणजे बसस्थानक, मेस, झेरॉक्सचे दुकान आणि शेवटची गाडी. महानगरातला लघुपटकार गर्दीत हरवलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. या मुलांची अडचण वेगळी आहे. त्यांना शहर परवडत नाही, आणि गावी उरलेल्यांना ती शहरी वाटतात. या अवघडलेपणाला त्यांच्या लघुपटात जागा मिळते तेव्हा संवाद आपोआप कमी होतात.

प्रदर्शनाची सोय मात्र अजूनही तोकडी. तयार झालेला लघुपट कॉलेजच्या सभागृहात प्रोजेक्टरवर एकदा दाखवला जातो, क्वचित महोत्सवाला पाठवला जातो, आणि मग यूट्यूबवर चढतो. तिथे पाहणारे असतात ते मुख्यतः त्याच वर्गातले आणि त्याच गावचे.