रबाळ्याची मशेरी आणि सुश्रुताचा दंतशंकु

मौजे रबाळे, तालुका ठाणे, अशी सरकारी दप्तरात नोंद असलेल्या गावाच्या शिवारात, १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने कारखान्यांची वसाहत वसविली आणि खाडीकाठच्या भातशेतीच्या जागी यंत्रांचा घरघराट सुरू झाला. तथापि कोकणातल्या जुन्या घरांत काय किंवा घाटावरून पोटापाण्यासाठी आलेल्या कामगारांच्या बिऱ्हाडांत काय, तव्यावर करपवलेल्या तंबाखूची मशेरी सकाळी हिरड्यांवर चोळण्याचा रिवाज चालूच राहिला. मशेरीने हिरड्यांचे रक्त थांबते, असे आयाबाया सांगत, आणि तो अनुभव खोटा नव्हता. तंबाखूतील निकोटिनाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होऊन रक्तस्राव उणावतो, परंतु हिरडीखालचे किटण जागच्या जागी राहते व दातांना आधार देणारे हाड आतून झिजत जाते. रोग तसाच राहून त्याची फिर्याद तेवढी दाबली जाते.

प्राचीन वैद्यक याहून सावध होते. सुश्रुतसंहितेतील वीस शस्त्रांत दात खरवडण्याचा दंतशंकु येतो, आणि चिकित्सास्थानात दंतशर्करेविषयी, म्हणजे आपल्या किटणाविषयी, सांगितले आहे की वैद्याने दंतमुळांना इजा न करता ती काढावी व त्यानंतर लाखेचे चूर्ण मधात कालवून तेथे चोळावे. हा क्रम मला त्या औषधाहूनही मोलाचा वाटतो; कारण पुढे घरोघरी तुरटी, लवंग, त्रिफळा, बाभळीची साल अशी चोळण्याची अर्धी विद्या टिकली आणि शस्त्राची अर्धी बहुतांशी विस्मृतीत गेली.

शस्त्राची ती अर्धी विद्या पुन्हा शिकविणारे नायर दंतमहाविद्यालय मुंबईत १९३३ साली निघाले. औषधाच्या बाजूने पाहता, परदेशात १९७९ साली मॅक्स गुडसन यांनी टेट्रासायक्लिन भरलेला पोकळ तंतू दात व हिरडी यांच्यामध्ये रोगाने पडलेल्या खोबणीत ठेवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि १९९८ साली अमेरिकेत क्लोरहेक्सिडिनाची अडीच मिलिग्रॅमची जिलेटिनी चकती संमत झाली, जी पाच मिलिमीटर वा अधिक खोल खोबणीत बसविली असता सात ते दहा दिवसांत विरघळते. मात्र दातांची मुळे आधी खरवडून साफ करावी लागतात, कारण जंतूंचा चिकट थर औषधाला आत शिरू देत नाही. आणि साफसफाईच्या जोडीनेही खोबणीची खोली घटण्यात चकतीचा वाढीव लाभ मिलिमीटरच्या अंशांतच मोजावा लागतो.

आता रबाळे स्थानकावरून नेरूळला लोकल जाते, आणि तेथे दंतमहाविद्यालय आहे. मशेरीने काळवंडलेले दात खरवडताना वर्षानुवर्षे दडलेले रक्त वाहू लागले की रोगी दचकतो. दातांचे डॉक्टर त्याला चूळ भरावयास सांगतात आणि पुन्हा किटण काढू लागतात.